मॅकार्डलचे डोळे

जोहे, नोव्हेंबर १९९२

कान्हूदादा,

मॅकार्डल अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तर तिथे राहायचे तुझे कागद होतील आणि घरी येऊन जाशील, असं तू लिहिलं होतंस. बाबांनी पेपरातला फोटो बघून गणपतीच्या कारखान्यात त्याचा पुतळा केला. डोळे मात्र आखले नाहीत. म्हणाले, "निवडून येवंदे."

पक्षाने त्याला तिकीटच दिलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. काल त्यांनी विचारलं, "आला का गो निवडून?"

मी म्हटलं, "व्हय."

बाबा एवढे आजारी, तरी खाटेवरून उठले आणि कारखान्यात जाऊन डोळे आखून आले. दादा, ते डोळे हुबेहूब तुझे आहेत.

हे पत्र टाकत नाही. वाचलंस तर कागदांशिवायच निघशील, आणि मग तुला परत तिकडे जाता यायचं नाही.

तुझी खोटारडी बहीण,
चंद्रावती