पावसच्या बागेत रचना केंद्र होणार नाही

मी, मनस्विनी यशवंत ठाकूरदेसाई, वय ४७, राहणार रत्नागिरी, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आजार शरीराला आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो मुद्दाम घेतला, कारण आमच्या घरात उत्क्रांती मानणे हीच भ्रमिष्टपणाची खूण समजली जाते.

माझे पती यशवंत जीवशास्त्राचे शिक्षक. उत्क्रांतीचा धडा फळ्यावर काढतात आणि "हे परीक्षेपुरतं" म्हणून पुसतात. सृष्टी कोणीतरी आखून घडवली, असे सांगणारे त्यांचे पुस्तक आहे. मुखपृष्ठावर हापूसची फोड. इतकी निर्दोष रचना आपोआप होते का, म्हणून. फोटोसाठी ती नितळ फोड मिळेपर्यंत त्यांनी माझी अख्खी पेटी कापली. बाकीच्या आंब्यांत साका निघाला, गरातला तो पांढरट, बेचव डाग. माझी भाची सानवी तिथेच होती.

"काका, मग साका कोणी घातला?"

"ती परीक्षा असते."

"कोणाची, आंब्याची?"

"मनू, तुझी भाची फार बोलते हो!"

फोटोग्राफर हसला. पुस्तकात त्याचे नाव आले नाही.

१. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बक्षीसपत्राने दिलेली पावसची बाग, विहीर व अवजारे ठेवायच्या मांगरासह, सानवीला द्यावी. यशवंतांना तिथली झाडे तोडून 'सृष्टी रचना केंद्र' बांधायचे आहे. नकाशात माझ्या नावाचे सभागृह आहे. मी अजून जेवतेखाते आहे आणि हे गृहस्थ मला खुर्च्यांचा रंग विचारतात! सानवीने शाळेत असताना पहिले कोय कलम बांधले, कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी. फूट आली का, म्हणून त्यावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी रोज उघडून बघायची. त्या बघण्यानेच ते मेले. दुसऱ्याला तिने हात लावला नाही. चुकांतून शिकणारे माणूस आमच्या घरात एवढे एकच.

२. माझ्या नावावरचे राहते घर यशवंतांना. पोटमाळ्यावर पुस्तकाच्या न खपलेल्या प्रती आहेत. त्यांना लागलेली वाळवी हीही कोणाची तरी रचनाच. तिच्यावर औषध मारू नये.

३. माझ्या दुखण्यामागेही काही योजना असेल, असे ते भेटायला येणाऱ्यांना सांगतात. माझ्या मरणावर त्यांनी पुढच्या आवृत्तीत एक ओळही लिहू नये. हे मात्र मी थट्टेने लिहिलेले नाही.

४. अंमलबजावणी वकील मालिनीताई करतील. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, आणि आमच्या कायद्यात वाटा मिळणाराही साक्षीदार चालतो, हे त्यांच्याकडून कळले. म्हणून दुसरे साक्षीदार यशवंतच. न वाचता ठाम राहण्याचा त्यांना जन्माचा सराव आहे. मी शुद्धीवर होते, हे उद्या त्यांना नाकारता येऊ नये.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: मनस्विनी ठाकूरदेसाई (सही)

साक्षीदार १: डॉ. समीक्षा सुर्वे (सही)

साक्षीदार २: यशवंत ठाकूरदेसाई (सही)
सगळे वाचून सही केली. तिसरे कलम पाळीन. — य.