फ्रीझर क्रमांक तीनची किल्ली माझ्याकडून काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. साठा अधिकारी,
देवराई रेणू संशोधन केंद्र,
तळवडे.

विषय : फ्रीझर क्र. ३ ची किल्ली माझ्या ताब्यातून आजच्या आज काढून घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे दि. ३ व १७ नोव्हेंबर २०२५ चे अर्ज. २) आपले दि. २४ नोव्हेंबरचे उत्तर.

महोदय,

मी मालोजी भिकाजी भालेकर, भांडारपाल, कळवितो की सदर किल्ली गेली चौदा वर्षे माझ्या करदोड्याला आहे. आंघोळीलाही मी ती सोडत नाही.

१. त्या फ्रीझरमध्ये संशोधनाचे एक संयुग आहे. कर्करोगाची गाठ वाढू न देणारे एक प्रथिन प्रत्येकाच्या शरीरात असते. ते बिघडले की गाठीला रान मोकळे. हे संयुग नेमके बिघडल्या जागी बसते आणि प्रथिन पुन्हा कामाला लागते. वाकलेली कडी सरळ केली की दार लागते, तसे, असे शास्त्रज्ञ विजयश्री मॅडमनी मला समजावले. पण हे बशीतल्या पेशींमध्ये. उंदरांना दिले तेव्हा त्यातले निम्मे उंदीर यकृत निकामी होऊन मेले, हेही त्यांनीच सांगितले. माणसाला किती द्यायचे हे कोणालाच ठाऊक नाही.

२. माझी मुलगी मिनल, वय एकोणीस, हिच्या मांडीतली गाठ आता फुप्फुसात उतरली आहे. तिच्या अहवालात जो बिघाड लिहिला आहे तोच, अक्षर-आकड्यासह, बाटलीच्या लेबलवर आहे. मी दोन्ही शेजारी धरून तीनदा वाचले. डॉक्टरांनी फक्त वेदनेचे औषध चालू ठेवले आहे. परदेशातल्या चाचणीसाठी मॅडमनी पत्र पाठवले होते. भरती बंद झाली, असे उत्तर आले.

३. माझे दोन्ही अर्ज आपण 'कौटुंबिक कारण ग्राह्य नाही' म्हणून परत केले. वर लिहिलेत की मार्चच्या तपासणीपर्यंत किल्लीधारक बदलता येत नाही आणि माझ्याइतका सचोटीचा माणूस केंद्रात दुसरा नाही. साहेब, ती सचोटी काय चुलीत घालू? मी शाबासकी मागितली नव्हती. मला माझीच भीती वाटत होती, म्हणून लिहिले होते.

४. पत्नी सौ. इंदू रोज दारातच विचारते, आणलं का? चौदा वर्सं राखण केली, लेकीसाठी चिमूटभर न्हाई व्हय? तिला उंदरांचे सांगितले. ती म्हणाली, पोरगी तशीबी चाललीच हाय.

५. काल मी दोनशे मिलिग्रॅम पावडर काढली व नोंदवहीत 'सांडली' असे लिहिले. ही माझी पहिली खोटी नोंद. पुडी जेवणाच्या डब्यातून घरी नेली. पत्नीने दूध कोमट केले. मिनलने पेला घेतला, पुडी धरलेल्या माझ्या मुठीकडे पाहिले आणि विचारले, बाबा, यानं मी बरी होईन ना? मला व्हय म्हणता आले नाही. मूठ उघडलीच नाही. ती नुसते दूध प्यायली आणि कूस वळवून झोपली. पुडी घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. आज पत्नीने माझा डबा भरला नाही.

सबब किल्ली व पुडी सोबत जोडल्या आहेत. पुडी माझ्यासमोर तोलावी, वजन पूर्ण आहे. खोट्या नोंदीबद्दल जी शिक्षा द्याल ती मान्य.

आता एकच विनंती. उद्या मी किल्ली परत मागायला येईन. पाया पडेन, मिनलचा फोटो दाखवीन, हा अर्ज मी लिहिलाच नाही असेही म्हणेन. मला ती देऊ नये.

आपला, आजच्या तारखेपुरता विश्वासू,
(सही)
मालोजी भिकाजी भालेकर
दि. ३ डिसेंबर २०२५

सोबत :
१) पुडी, न उघडलेली, २०० मि.ग्रॅ.
२) किल्ली, एक. गाठ सुटेना, म्हणून करदोडा तोडून दिली आहे.