जितकं होतं आणि जितकं धरलं

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. हात मात्र लगेच आठवतो. उजवा हात, बाही कोपराच्या वर सारलेली, मनगटावरच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले. कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग लागली आहे, मी तुमचा डबा घेऊन कडेला उभी आहे आणि तुम्ही एका बंडीच्या पोटात हात खुपसताय. वरचा कापूस तुम्ही पाहतच नव्हता. वरचा दाखवायलाच ठेवलेला असतो, असं तुमचं म्हणणं. हात आत गेला की तुमचे डोळे मिटायचे, आणि मग एक मूठ बाहेर यायची. "पाणी मारलं का रे बाबू?" "नाई जी साहेब, दव पडलं असन." "दव बंडीच्या पोटात जाऊन पडलं का?" रांगेतले सगळे हसायचे, तो बंडीवालाही हसायचा. कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून तुमचा धाक होता आणि मानही होता. कोणाच्या चहालाही तुम्ही शिवला नाहीत, हे तळेगावात अजून लोक सांगतात.

पण तो हात संध्याकाळी तुमच्याबरोबर घरीही यायचा. दुधाच्या गंजात, तांदळाच्या कोठीत, आईच्या डब्यांत आणि माझ्या दप्तरात. मी मॅट्रिकला होते. एकदा शाळेतून यायला उशीर झाला म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात माझं दप्तर उलटं केलंत. वह्या पडल्या, चिंचोके पडले, टोक मोडलेली पेन्सिल घरंगळत चुलीपर्यंत गेली. तुम्ही एकेक वही झटकून पाहिलीत. काही निघालं नाही, कारण काही नव्हतंच. तेव्हा उठताना तुम्ही म्हणालात, "आज नाई सापडलं." आई भाकर थापत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी मार बसला असता तर मी विसरून गेले असते. तो 'आज' काही विसरता आला नाही.

हे सगळं वर आलं ते तुमच्या नातीमुळे. तुम्ही तिला फ्रॉकमध्ये पाहिलंत. पुढे ती इंजिनियर व्हायला निघाली, तेही कॉम्प्युटरची. आम्ही तेव्हा पिपरी मेघेला घर बांधलं होतं. पुढच्या खोलीत देवघर, आणि दुसरी जागा नव्हती म्हणून देवघराशेजारीच तिचा कॉम्प्युटर. कोणाचा तरी वापरलेला घेतला होता. मी त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं होतं आणि एकादशीला त्यालाही हळदकुंकू लावायची, पोरगी हसायची. शेवटच्या वर्षी तिला एक काम मिळालं. तुम्हाला समजेल असं सांगते, कारण मलाही ते तसंच सांगितलं गेलं. कॉलेजात एका खोलीतले सगळे कॉम्प्युटर तारेने जोडलेले असतात. एकाकडून दुसऱ्याकडे जे जातं ते सलग जात नाही, लहान लहान पाकिटं करून जातं. त्यांच्या सरांनी एका दुपारी तारेतून गेलेली अशी पाकिटं एका फाइलीत साठवून ठेवली, ती फाइल सीडीवर सगळ्यांना वाटली आणि म्हणाले, सी भाषेत असा प्रोग्राम लिहा की तो ही फाइल उघडेल आणि एकेक पाकीट ओळीने वाचून दाखवील.

मला पहिल्याच दिवशी ते खटकलं. "लोकाईची पाकिटं तू काऊन वाचून राह्यली?" मी विचारलं. "वाचाचं नाई वं आई. वरचा पत्ता पाहाचा असते फक्त. कुठून निघालं, कुठं चाललं." "आन आतलं?" "आतल्याशी मले काय करनं हाय?" आतल्याशी काही करायचं नसेल तर ते साठवलं कशाला, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दुपारी लाइट असेल तोवर ती बसायची आणि मी तांदूळ निवडत मागे बसायची. निवडण्यासारखं फार काही नसायचं त्यात.

एका दुपारी तिचा प्रोग्राम सारखा मधेच बंद पडत होता. तिने टेबलावर हात आपटला तेव्हा मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, प्रत्येक पाकिटाच्या आधी फाइलीत एक छोटी चिठ्ठी असते, पुढे किती मजकूर आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. सीडीवरून फाइल पूर्ण उतरलीच नव्हती. "चिठ्ठी म्हणते इतकं हाय, म्या म्हटलं असन. वाचाले गेली तं पुढं काईच नाई." "मंग आता?" "आता तिनं सांगतलं म्हून खरं नाई धराचं. आधी तितकं उरलं का ते पाहाचं, मंगच हात लावाचा." बाबा, खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरं वाटलं. अगदी तुमचं रक्त, असं मनात आलं. तिला मात्र म्हटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याहून तिला नोकरीचं बोलावणं आलं. वर्ध्यातल्या दुकानातून जेवायला आल्यावर तुमचे जावई ते पत्र ताटाशेजारी ठेवून म्हणाले, "पोरीचं तुले माहीत. तू हो म्हटलं तं पाठवू. नाई तं इथंच काई पाहू, पाहुणे बी विचारूनच राह्यले." सोमवारी उत्तर कळवायचं होतं. त्यांनी सगळं माझ्यावर टाकलं, कारण घरात कोण काय करतं ते मला कळतं असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पोरगी केस धुवायला गेली होती. मी देवापुढे दिवा लावला आणि वळले तर पडद्यावर ओळीच ओळी. डावीकडे आकडे आणि अक्षरांच्या जोड्या, त्यांना काही अर्थ नाही. उजवीकडे मात्र टिंबं, टिंबं, आणि टिंबांच्या मध्ये इंग्रजी अक्षरांत आपली मराठी. मला इंग्रजी सावकाश वाचावं लागतं. मी सावकाशच वाचलं. 'तुझ्या आईला कळलं तर'. तेवढंच. पुढे काही नाही, खाली दुसरी ओळ सुरू. मी पुन्हा वाचलं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मी कशालाही हात न लावता स्वयंपाकघरात गेले आणि तव्यावरची भाकर करपेपर्यंत तिच्याकडे पाहत उभी राहिले.

संशय कसा असतो, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक गोष्टीला एक खालची बाजू दिसायला लागली. सीडी सरांनीच दिली कशावरून? एकादशीला मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावताना ती हसायची ती कशाला? पुण्याचं बोलावणं नेमकं आताच कसं आलं? वरून पांढरंशुभ्र होतं सगळं: वेळेवर येणं, माझ्याबरोबर आरतीला उभं राहणं. तोच तर वरचा कापूस. शुक्रवारी मी तिची बॅग उघडली. एक ओढणी, एक जाड पुस्तक, डब्यात तसंच आणलेलं भाजीचं पाणी. मी सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि माझ्या तोंडात तुमचंच वाक्य आलं. म्हटलं नाही, पण आलं.

शनिवारी मी विचारलंच. ती लाइट येण्याची वाट पाहत ओट्याजवळ बसून चहा पीत होती. "माह्यापासून काय लपवून राह्यली तू?" "काय लपवलं?" "मले कळलं तं काय होईन?" तिला आधी उमगेना. मग मी ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. तिचा चेहरा लाल झाला. लाजेने की रागाने, ते मला आजही सांगता येणार नाही. "तू माह्या स्क्रीनवर वाचलं?" "माह्या घरात हाय तो स्क्रीन." "आई, ते मले लिवलेलं नाई हाय. लॅबमधल्या कोन्या पोरीले कोनं तरी लिवलं. पोट्टे तिथं बसून एकमेकाले निरोप धाडतात, त्या दुपारचा त्यातला एक फाइलीत आला. तपासाले म्या सगळंच स्क्रीनवर छापलं म्हून तुले दिसलं." "आन पुढचं? तर म्हून काय?" "पुढचं फाइलीतच नाई." "काढून टाकलं असशीन." लाइट आली होती. तिने कप ठेवला आणि माझा हात धरून मला पुढच्या खोलीत नेलं.

तिने मला ती चिठ्ठी दाखवली. तिच्यात लांबीचे आकडे दोन असतात, बाबा. एक, पाकीट मुळात जितकं होतं त्याचा. दुसरा, त्यातलं जितकं धरून ठेवलं त्याचा. त्या सरांनी मुद्दामच प्रत्येक पाकिटाचा तोंडाचा भाग तेवढा धरला होता, कोणाचं घरचं कोणी वाचू नये म्हणून; त्या तोंडाबरोबर निरोपाचे पहिले चार शब्द तेवढे आले होते. दुसरा आकडा पहिल्याहून बराच लहान होता. "हे होतं. हे धरलं. मधलं कुठंच नाई, ना माह्यापाशी, ना सरपाशी," ती म्हणाली. आकडे मला वाचता येतात. घरात आलेल्या पोत्यावर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन मीही नेहमी वेगवेगळं पाहते. पण आकडे खरे आहेत म्हणून पोरगी खरी आहे असं होत नाही. मी विचारलं, "कोनाले लिवलं ते तं कळत असन?" "मशीनचा नंबर दिसते. त्या दुपारी तिथं कोन बसलं होतं ते विचारलं तं कळन." "मंग विचारजो. मले सांगजो. तू नाई म्हून कळू दे मले." "नाई विचारत." "काऊन?" तिने साडीचं झाकण पडद्यावर ओढलं. "कोनाची तरी पोरगी हाय ते. तिची आई बी तुह्यासारखीच असन. आन तुले माह्यं खरं कराले तिची झडती काऊन घ्याची? तुले वाटते ते सोमवारी बाबाले सांग, मी काई म्हनत नाई."

आणि खरंच तिने काही म्हटलं नाही. संध्याकाळी प्रोग्राममधून तो उजवीकडचा भागच काढून टाकला. आता पत्ता, वेळ आणि लांबीचे ते दोन आकडे तेवढे दिसायचे. मला लगेच वाटलं, काढला का? आताच का? हे वाटणं मी थांबवू शकत नव्हते. पण रविवारी जेवताना मी तिला विचारलं, भाजी कशी झाली, तर ती म्हणाली, "चांगली झाली." विचारलं, डोकं दुखतं का, तर "नाई." परीक्षा कशी होईल? "होईन." तशा आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी हातातला घास तसाच धरून बसले, कारण तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. तो माझा होता, तुमच्याशी बोलतानाचा.

तुम्हाला ते कधी कळलं का, बाबा? दप्तराच्या त्या दिवसानंतर मी तुम्हाला काही सांगितलंच नाही. गणितात शाळेत पहिली आले तेही तुम्हाला हेडमास्तरांकडून कळलं. स्थळ आलं तेव्हा तुम्ही विचारलंत, पसंत आहे का, आणि मी म्हटलं, तुम्ही पाहा. लग्नात तुम्ही एकेक बोंड हाताने निवडून भरलेली गादी दिलीत, वाळल्या पानाचा एक कण नव्हता तिच्यात, आणि तिच्यावर पाठ टेकून मी पहिल्या रात्री रडले, तेही तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. शेवटी तळेगावात तुम्ही ओसरीवर बसायचात, आम्ही भावंडं आत बोलत असायचो, तुम्ही उठून आत आलात की विषय बदलायचा. तुम्ही विचारायचात, काय चाललं होतं? आम्ही म्हणायचो, काही नाही. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहायचात. तिथे हात घालायला जागा नव्हती.

केंद्रावरची एक गोष्ट मी तुमच्याजवळ कधी बोलले नाही, पण मी तिथे होते. एका बंडीवाल्याने तुम्ही खालचा ग्रेड लिहिल्यावर अख्खी बंडी आवारात उपडी केली होती. "आता घाला हात, साहेब. कुठंबी घाला." कापूस गुडघ्याइतका पसरला होता, कोरडा, उन्हात डोळे दिपतील असा. तुम्ही वाकून पाहिलंत. एका कोपऱ्यातच ओल होती, आणि तुमचा हात नेमका तिथेच गेला होता. तुम्ही ग्रेड बदलला नाहीत. मूठ खोटी नव्हती, असं म्हणालात. नव्हतीच. मी तेव्हा तुमच्या बाजूने होते. आजही मला तुमची मूठ खोटी होती असं म्हणवत नाही.

सोमवारी सकाळी ह्यांनी चपला घालता घालता विचारलं, "मंग काय कळवू?" पोरगी आत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. मी म्हटलं, "जाऊ द्या तिले." ते म्हणाले, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं." आत भांडी पुन्हा वाजायला लागली.

तिच्यावर विश्वास बसला म्हणून मी हो म्हटलं, असं तिला वाटतं. ह्यांनाही वाटतं. विश्वास बसला नव्हता, बाबा, आणि ते शब्द कोणाला लिहिले होते ते मला आजही माहीत नाही. मला फक्त ओसरीवर एकटं बसायचं नव्हतं. आता ती दर रविवारी फोन करते. खोलीवरचं पाणी, साहेबाचा तिरसटपणा, बरोबरच्या मुलीचं घोरणं, सगळं सांगते. त्यात किती खरं आणि किती मागे ठेवलेलं, याचा अंदाज मी फोन ठेवल्यावर बांधते, बोलताना नाही. बोलताना नुसतं हं हं म्हणते.

हे पान देवघराच्या फळीवर ठेवणार होते, पण तिथे कोणाचीही नजर जाते. चुलीत घालीन. आणि एक सांगते, राग मानू नका. तुम्ही असतात, समोर बसून विचारलं असतंत, तर यातलं एक अक्षरही मी तुम्हाला सांगितलं नसतं.