साडूचं नवं कार्ड

९ नोव्हेंबर, रविवार
भार्गवने ग्राफिक्स कार्ड घेतलं! त्याच्या कॉम्प्युटरचं पहिलंच. सुजाताने बहिणीकडून येताच बातमी दिली — "भाऊजींनी स्वतः बसवलं. आत रंगीत दिवे लागतात!" सांगताना हिचेच डोळे चमकत होते. माझं जुनं कार्ड आहे, त्याचं कौतुक कधी केलं नाही.

संध्याकाळी भार्गवने आणि मी ऑनलाइन कार-रेस लावली. हरलो. कालपर्यंत बरोबरीचे होतो! असलं मशीन असल्यावर कोणीही जिंकेल.

१२ नोव्हेंबर
पुन्हा हरलो. मुद्दाम विचारलं, कार्डाने काय फरक पडला? "मले तं काही फरक नाही वाटून राहिला, भाऊ."
मानभावी मेला!

१५ नोव्हेंबर, शनिवार
श्रावणी रेसच्या वेळी माझ्याच शेजारी बसायची, "पापा, लेफ्ट!" म्हणून ओरडायची. आज मावशीकडे गेली. मौसाजींची रेस बघायला! "पापा, आप तो हारते ही हो."
आता कार्ड घेणारच. त्याच्याहून मोठं.

१७ नोव्हेंबर
उरल्याच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून थेट तात्यापाऱ्यात, श्यामरावांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. ते म्हणाले, "आधी प्रोसेसर बदला जी. तुमचा जुना आहे, एवढं कार्ड त्याले झेपणार नाही." पण प्रोसेसर दिसतो का कोणाला? पंख्याखाली दडून बसतो! भार्गवचं कार्ड दोन पंख्यांचं. मी तीन पंख्यांचं आणलं.

सुजाता म्हणते, "काहून जळून राहिले तुम्ही?"
मी? जळतो?

२० नोव्हेंबर
हरलो. चित्र देखणं, पण गाडी अडखळते. श्यामराव खरे निघाले — घोडा नवा, टांगा जुनाच. मग भार्गवचं कसं चालतं? एकदा बघायलाच हवं.

२३ नोव्हेंबर, रविवार
ब्राह्मणपाऱ्यात भार्गवच्या घरी जेवण. भार्गव पान आणायला गेला तसा मी कॅबिनेटमागे वाकलो. हसू आवरेना! पडद्याची वायर कार्डात लावायची सोडून गाढवाने मदरबोर्डच्या जुन्या जागीच ठेवली आहे! म्हणजे कार्ड नुसतं दिवे लावून बसलंय. सगळं चित्र बिचारा प्रोसेसरच काढतोय, पहिल्या दिवसापासून!

सांगितलं नाही. कशाला सांगू? मटण दोनदा वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी जेवण अंगी लागलं. श्रावणी म्हणाली, "पापा आज बहुत खुश हैं!"

२४ नोव्हेंबर
उरल्याला कारखान्यात पोहोचता पोहोचता डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तो मला कार्डाशिवायच हरवत होता.