शिवाईची राहिलेली ओटी

प्रिय दादा,

परवा मुंबईत तुझ्या ऑफिसच्या लोकांनी शोकसभा घेतली. आठ जण बोलले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की तुझ्यामुळे त्यांनी जुन्नर पाहिलं. शेवटी वहिनी हळूच म्हणाली, "शोभाताई, तुम्ही सख्ख्या बहीण, दोन शब्द बोला ना." मी नुसती मानेनेच नाही म्हटलं. तिथे तोंड उघडलं असतं तर बिचारीला मान खाली घालावी लागली असती. म्हणून ओतूरला परत येऊन लिहितेय. इथे मला कोण अडवणार? तू तर नाहीसच.

किती आखीव असायची रे तुझी एक दिवसाची सहल! नव्वदच्या सुमारास सुरू केलीस आणि मग दर हिवाळ्यात दोन-तीन. पहाटे साडेपाचला ठाण्याहून बस, माळशेजला फोटो, ओतूरला चहा, लेण्याद्री, शिवनेरी आणि परतताना आपलं घर. सायक्लोस्टाईलच्या कागदावर तू लिहायचास, "२.३० ते ३.१५ : ग्रामीण भोजन (घरगुती)." आपली आई त्या कंसात होती.

चाळीस माणसांच्या भाकऱ्या ती थापायची. मी शाळेत बाई, माझा रविवार तुझ्या पिठल्यात जायचा. घरात गॅस आला होता, तरी सहलीच्या दिवशी तू सिलिंडरवर गोधडी टाकायला लावायचास. का, तर पाहुण्यांना चूल बघायची असते! धुराने पाणावलेले डोळे पुसणाऱ्या आईकडे हात करून सांगायचास, "ही माझी आई. अजून सगळं चुलीवरच करते." लोक फोटो काढायचे. आई पदर सावरून उभी राहायची. लाज नाही वाटली तुला?

तिचं मागणं काय मोठं होतं? तुला सरकारी नोकरी लागावी म्हणून तिने शिवनेरीवरच्या शिवाईला नवस बोलला होता. नोकरी लागली की पोराला घेऊन गड चढीन, त्याला शेजारी उभं करून ओटी भरीन. मी दहादा म्हटलं, चल, मी नेते, एसटीने तासाभराची तर वाट आहे. ती म्हणायची, "तुझ्यासंगं येऊन काय करू? नवस त्याचा हाय. त्योच पायजे." आणि तू? चाळीस परक्या माणसांना घेऊन त्याच देवळावरून जायचास. "आई, बस फुल्ल आहे गं. पुढच्या ट्रिपला नक्की." नऊ वर्षं बस फुल्ल!

दहाव्या वर्षी तू फोनवर हो म्हणालास. आईने शेजारच्या दोघींना भाकऱ्यांना बसवलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि खण, नारळ, तांदूळ पिशवीत घेऊन सकाळी सातपासून स्टँडवर उभी राहिली. नऊला बस आली. तुझे साहेब आणि त्यांची बायको ऐनवेळी निघाले होते. तू दारातूनच म्हणालास, "आई, मॅडमना तुझी सीट द्यावी लागली. आणि तू आलीस तर जेवणाचं कोण बघणार?"

तिने पिशवी तुझ्या हातात दिली. "तू तरी भर बाबा. माझं नाव घे फकस्त." मग घरी आली, लुगडं बदललं आणि चुलीपुढे बसली.

दुपारी पंगतीत तू हसत सांगितलंस, "आई, तुझी पिशवी कामाला आली बघ! मॅडमना ओटी भरायची हौस होती आणि जवळ काहीच नव्हतं. देऊन टाकली." माझ्या हातातलं पातेलं मी तुझ्या डोक्यात कसं घातलं नाही, कोण जाणे. आई मात्र वाढत होती. मॅडमच्या ताटात तिने आणखी अर्धी भाकरी ठेवली. "बरं झालं बाय. भरली ना कुनीतरी." तू घड्याळ बघत होतास.

पुढची ट्रिप जानेवारीत होती. आई मार्गशीर्षातच गेली. अंथरुणावर तिला एकच घोर, "नवस फेडायचा ऱ्हायला गं. पोराला काय बाधाया नको." मरताना तुझी काळजी! आणि तू तेराव्याला आलेल्या भावकीला विचारत होतास, माळशेजच्या रस्त्याचं काम कुठवर आलं म्हणून.

आता माझं सांगते. हॉस्पिटलात त्या संध्याकाळी तू माझा हात घट्ट धरलास. "शोभे, आई माझ्यावर रागावून गेली का गं?" तुला काय ऐकायचं होतं, ते मला स्वच्छ कळत होतं. मी म्हटलं, "हो. शेवटपर्यंत तुझं नावसुद्धा काढू दिलं नाही तिने." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. चार दिवसांनी गेलास.

ते खोटं होतं, दादा. तिने एकदाही तुला बोल लावला नाही. मी तुझ्या डोळ्यांत बघून, ठरवून खोटं बोलले आणि मला बरं वाटलं. अजूनही पश्चात्ताप नाही. एवढंच वाटतं, चार दिवस फार कमी होते.

पण आईचं काम अडून राहिलंय. येत्या मंगळवारी पहिल्या एसटीने मी जुन्नरला जाणार. गड चढेन, नवा खण, नवा नारळ घेऊन ओटी भरेन. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याचं नाव देवीपुढे घ्यावं लागतं. घेईन. बापाच्या नावासकट, मोठ्याने घेईन, कारण तिला ते हवं होतं. तुला काही बाधू नये, असंही म्हणेन. तेही तिचंच म्हणणं.

माझ्याकडून तुला वचन एकच. मी तुला माफ करणार नाही. आणि मी सीट दुसऱ्याला देणाऱ्यातली नाही, दिलेला शब्द पाळते.

तुझी धाकटी बहीण,
शोभा