'किरकोळ' प्रकारातली चूक

प्रिय धाकटे,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी पूर्ण वाच. अकरा महिने तू माझा फोन उचलत नाहीस, आणि बरोबरच करतेस. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तू का येत नाहीस असं ती विचारते आणि मी तुझ्या कामाचं कारण पुढे करतो. माझ्या थापा तिला मी लहान असल्यापासून ओळखू येतात.

औषध सोडणाऱ्या त्या पंपाचा प्रोग्राम आपण दोघांनी लिहिला. सी भाषेत चुका पकडायची तयार सोय नाही, म्हणून चुकांचे प्रकार आपणच ठरवत बसलो होतो. नळी तुंबली, बॅटरी उतरली, हवा शिरली. प्रत्येकाला एक नाव, आणि त्या नावाप्रमाणे पंपाने काय करायचं ते. शेवटचा प्रकार माझा लाडका, 'किरकोळ'. तो आला की नुसती नोंद करायची आणि पंप चालू ठेवायचा. औषध किती जातंय ते मोजणारा सेन्सर गप्प झाला तर त्याला वेगळा प्रकार हवा, पंप थांबलाच पाहिजे, म्हणून तू हटून बसलीस, मेलसुद्धा पाठवलीस. पण नवा प्रकार म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा, आणि मशीन द्यायला आठच दिवस उरलेले. मी म्हटलं, टाक किरकोळमध्ये. तू म्हणालीस, "दादा, मशीनला काही दिसेनासं होणं किरकोळ कसं?" मी तुला घाबरट म्हटलं आणि तो बदल स्वतःच्या हाताने केला.

पुढे हॉस्पिटलात एका पंपाची वायर सैल झाली, सेन्सर गप्प झाला. पंपाने इमानेइतबारे नोंद केली आणि औषध सोडत राहिला. दुपारी नर्स येईपर्यंत त्या पंपावर असलेल्या, शिवणकाम करणाऱ्या बाई गेल्या होत्या. पोटाच्या साध्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या गं. चौकशीत सेन्सरचा भाग कुणी लिहिला असं विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस, पण ती मेल पुढे केली नाहीस. त्यावर तुझी नोकरी गेली, माझी राहिली. मला माझी शरम वाटते.

काल मी लेखी जबाब दिला, तुझी मेल जोडून. आता खटला माझ्यावर चालेल, तुरुंगातही जावं लागेल कदाचित. सोमवारी चौकशीवाले तुला बोलावतील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दादाला वाचवायला तू सांगशील की आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. तसं सांगू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. त्या बाईंची मुलगी तिथे समोर बसलेली असेल.

तुझाच,
दादा