डाव्या चपलेची कविता

४ नोव्हेंबर १९९७
दुकानात आज विचित्रच झालं. दुबईच्या या देऱ्यात आता निम्मं गिऱ्हाईक रशियन. बाहेर घाम, आत बायका फरकोट घालून आरशासमोर. एकीची चार-पाच वर्षांची मुलगी कंटाळली, पुस्तक काढून मोठ्यांदा म्हणायला लागली. मी कोट घेऊन उभी होते, चित्रं दिसली. डावा बूट रुसून बसलाय. उजवा एकटाच बाहेर पडतो, लंगडत परततो — बर्फानं माखून. मग डावा त्याला पुसतो.

ही तर बाबांची कविता. ‘डावी चप्पल’. फक्त बर्फाच्या जागी चिखल.

५ नोव्हेंबर
जहांआराला विचारलं. ती ताश्कंदची, आमच्या दुकानात दुभाषी. म्हणाली, ‘ये तो मेरी नानी को भी याद है.’ कोट टांगता टांगता सगळी म्हणून दाखवली. कवी मुलांचा, तिकडे घराघरातला. युद्धाआधीची कविता. तो अनुवादही करायचा — बाहेरच्या कविता अशा आणायचा की तिला लहानपणी त्या आपल्याच वाटत. ‘लेकिन नीचे असली शायर का नाम हमेशा.’

हमेशा.

६ नोव्हेंबर
काही लिहावंसं वाटत नाही.

९ नोव्हेंबर
‘डावी चप्पल’ ज्यात आहे, त्या पुस्तकावर बाबांना पुरस्कार मिळाला. कऱ्हाडात अजून ‘चपलेवाले मास्तर’ म्हणतात. प्रत्येक सत्कारात सांगायचे — ‘आमची परू रुसली, तेव्हा सुचली.’ मी पहिल्या रांगेत. सगळे माझ्याकडे बघायचे. मीही मिरवले.

यतीनला सांगितलं. ‘खलास, सोड ना. नवऱ्याचं ऐक. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसाला काय विचारणार?’
मनाली होमवर्कवरून मान वर करून म्हणाली, ‘सो आजोबा कॉपीड?’
दुसरीतल्या मुलीला कळतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टी. बाबांना फोन लावला. सरळ विचारलं.
‘बुटाची चप्पल केली ना मी? पोरांना काय फरक पडतो, कुणाची ते?’
‘मला पडतो. माझ्यावरून सुचली म्हणालात.’
‘लोकांना आवडायचं ते.’
‘आणि तुम्ही रशियन शिकलात कधी?’
फोन ठेवला त्यांनी.
स्वयंपाक तसाच राहिला. यतीननं खाली जाऊन पराठे आणले.

१५ नोव्हेंबर
आईचा फोन, दुकानात. बूथवरून, बाबांना न सांगता. तिनं स्वतःहून इकडे कधीच फोन केला नव्हता.
‘त्यांना कुठलं रशियन, परू. लग्नाआधी पुण्यात मी शिकत होते, दोन वर्षं. ती कविता मीच मराठीत केली, माझ्या वहीत. मास्तरांच्या नावावर लोक छापतील म्हणाले हे, म्हणून वही दिली.’
चौतीस वर्षांची झाले. आई काय शिकलीय, मी एकदाही विचारलं नव्हतं.